निवृत्तांचा सामना आणि नुरा कुस्ती

६ एप्रिल २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर बार्सिलोना आणि रेआल माद्रिद या दोन स्पॅनिश संघांच्या निवृत्त खेळाडूंचा फुटबॉलचा एक सामना झाला. लुईस फिगो, झावी यांच्यासारखी मंडळी त्यात उतरणार म्हणून महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे गेली, आणि आमच्या परभणी जिल्ह्यानेही त्यात आपला वाटा उचलला. सायंकाळी परभणीस देवगिरी एक्सप्रेस धरावी, रात्र बसून काढावी, सकाळी मुंबईत उतरावे, दिवसभर कोठे तरी वेळ घालवून संध्याकाळी क्रीडांगणावर पोहोचावे आणि मग मिळेल त्या गाडीने परतावे, असा खटाटोप आमच्या परिचयातील दोन-तीन सुशिक्षित कुटुंबांनी केला. जाऊन-येऊन सुमारे अकराशे किलोमीटर प्रवास, माणशी हजारो रुपये खर्च, आणि पदरात काय पडले म्हणाल तर ज्यांनी पायांतील जोडे कधीच खुंटीला टांगले आहेत अशा बावीस गृहस्थांचे धीम्या गतीचे धावणे.

या विषयावर आम्ही लिहिणार आहोत असे कळताच एका स्नेह्यांनी आम्हांस आधीच बजावले, "तुम्ही काय लिहिणार ते ठाऊक आहे. परदेशी माणसांचे एवढे कौतुक कशाला, हेच ना?" तर ते आम्ही लिहिणार नाही. खेळाला स्वदेश-परदेश नसतो. ज्याने चेंडूवर हुकमत मिळविली तो पोर्तुगालचा असो वा पालमचा, त्याला पाहून ज्याचे चित्त उचंबळत नाही त्याने खेळाविषयी बोलूच नये. दुसरा एक पक्ष असे म्हणणारा आहे की, म्हातारे घोडे शर्यतीत उतरविणे हास्यास्पद आहे. हा आक्षेपही आमचा नव्हे. वार्धक्य हास्यास्पद नसते, आणि पन्नाशीच्या माणसाने चेंडू खेळू नये असा नियम कोणत्याही शास्त्रात नाही. त्याने जरूर खेळावे. आमचा वाद त्या खेळाडूंशी नाहीच. तो आहे पाहणाऱ्यांशी, म्हणजे पर्यायाने आमच्या वाचकवर्गाशी.

प्रथम पाहणाऱ्यांच्या बाजूचे जे आहे ते त्यांच्या पदरात टाकले पाहिजे. १९९८ ची विश्वचषक स्पर्धा फ्रान्समध्ये झाली तेव्हा तिचा अंतिम सामना आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर दिसला. परभणीत, सेलूत, गंगाखेडात त्या रात्री घरातील वडीलधारी माणसे झोपल्यावर दूरदर्शन संचाचा आवाज अगदी बारीक करून तो सामना पाहिलेली मुले आज चाळिशी ओलांडून गेली आहेत. २००२ साली २१ जूनच्या भर दुपारी ब्राझीलच्या रोनाल्डिन्होने चाळीस-बेचाळीस यार्डांवरून मारलेला चेंडू इंग्लंडच्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून जाळ्यात उतरला. तो क्षण ज्यांनी पाहिला त्यांना तो दिवस वार-तिथीसह आठवतो. आणि ज्यांच्या गल्लीत नेमके तेव्हाच वीज गेली त्यांना तर तो अधिकच आठवतो. मराठवाड्याच्या भारनियमनाने आमच्या पिढीची अशी किती तरी सुखे अर्ध्यावर तोडली आहेत. अशा माणसाला पंचवीस वर्षांनी कोणी सांगितले की, तो रोनाल्डिन्हो चेन्नईत येत आहे, तो फिगो नवी मुंबईत येत आहे, आणि त्याचे पाय उठले, तर त्यात मूर्खपणा नाही. त्यात कृतज्ञता आहे. कृतज्ञतेची थट्टा करणे आम्हांस जमणार नाही.

परंतु कृतज्ञ माणसानेही आपण नेमके काय पाहावयास जात आहो हे विचारले पाहिजे. बार्सिलोना आणि रेआल माद्रिद यांच्या सामन्याला जगात जी किंमत आली ती कशामुळे? केवळ पायांच्या कसबामुळे नव्हे. तसे कसब इतरत्रही आहे. ती किंमत त्या दोन नगरांच्या वैरामुळे आली. याच फिगोने २००० साली बार्सिलोनाचा संघ सोडून माद्रिदचा रस्ता धरला. पुढे २००२ च्या नोव्हेंबरात तो पाहुण्या संघाकडून बार्सिलोनाच्या क्रीडांगणावर खेळावयास आला तेव्हा प्रेक्षकांनी त्याच्यावर बाटल्या भिरकावल्या, नाणी फेकली, आणि शेवटी एक डुकराचे मुंडकेही मैदानावर येऊन पडले. पंचाला खेळ काही काळ थांबवावा लागला. हा प्रकार किळसवाणा होता, त्याचे समर्थन कोणी करू नये. तथापि त्या संध्याकाळी एक गोष्ट लख्ख दिसली, ती ही की, त्या मैदानावर काही तरी पणाला लागले होते. कोणी तरी हरणार होते, आणि हरणे कोणाला तरी बोचणार होते. नवी मुंबईच्या मैदानावर तोच फिगो तोच शुभ्र अंगरखा घालून उतरला आणि समोरचे निळे-तांबडे अंगरखे हसतमुखाने त्याच्या गळ्यात पडले. माणूस म्हणून ही फार चांगली गोष्ट झाली. पण मग तो सामना कोणता? वैर गेले, चुरस गेली, हार-जितीची भीती गेली. उरली ती नावे आणि अंगरख्यांचे रंग. लोकांनी तिकीट काढले ते सामन्याचे, आणि पाहिले ते एक स्नेहसंमेलन.

आमच्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांना या प्रकाराचे नाव फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो. सकाळी पोरासोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग चढत्या इनामाच्या, आणि दिवस कलताना शेवटची मोठी कुस्ती. हलगी घुमत असते, माती उडत असते, आणि कडेला बसलेला शेतकरी, ज्याला आपण अडाणी म्हणतो, तो दोन्ही पैलवानांच्या मांड्यांकडे, मानेकडे, पकडीकडे सोनाराच्या नजरेने पाहत असतो. दोघांनी आधीच संगनमत केले असेल, इनाम वाटून घ्यावयाचे ठरवून ते नुसते लोकांदेखत झटापटीचे सोंग करीत असतील, तर ते त्या शेतकऱ्याच्या नजरेतून दोन मिनिटांहून अधिक काळ सुटत नाही. मग फडातून आरोळी उठते, "नुरा! नुरा!" पंच कुस्ती सोडवितात, इनाम कापले जाते, आणि त्या पैलवानांना त्या गावच्या फडात पुन्हा तोंड दाखविणे अवघड होते. नुरा कुस्तीत डाव दिसत नाहीत असे नाही. कित्येकदा खऱ्या कुस्तीपेक्षा ते अधिकच देखणे दिसतात, कारण समोरचा त्यांना अडवीतच नसतो. गावकऱ्याला राग येतो तो याच देखणेपणाचा.

यावर कोणी म्हणेल, नुरा कुस्तीत फसवणूक असते. येथे तर 'प्रदर्शनी सामना' असे उघड छापलेले असते, मग फसवणूक कोठली? हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु त्यातून जे निष्पन्न होते ते आमच्या सुशिक्षितांना फारसे भूषणावह नाही. नुरा खेळणाऱ्याला निदान प्रेक्षकाची भीती तरी असते. हा माणूस खऱ्यासाठी आला आहे, खोटे कळले तर आपले इनाम बुडेल, हे तो जाणतो. म्हणून त्याला सोंग करावे लागते. त्या सोंगातही प्रेक्षकाच्या पारखीला दिलेली एक पावती असते. आमच्या प्रेक्षकाला तेवढीही पावती मिळत नाही. त्याला आधीच सांगून टाकलेले असते की, आज खरे काही नाही; आणि तो म्हणतो, हरकत नाही, पैसे कोठे भरावयाचे?

आमच्या परिचयातील ज्या कुटुंबाचा वर उल्लेख केला त्यांचे वडील जिंतूर तालुक्यातील खेड्यात राहतात. वय ऐंशीच्या घरात, तारुण्यात फडांतून कुस्त्या केलेले. नातू मुंबईहून परतला तो आजोबांना भ्रमणध्वनीवरची छायाचित्रे दाखवू लागला. आजोबांनी ती शांतपणे पाहिली आणि विचारले, "बरं, जितलं कोण?" नातू गोंधळला. त्याला ते चटकन सांगता येईना. भ्रमणध्वनीवर शोधू लागला. आजोबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाळा. नुरा व्हती म्हन की." आम्ही तेथे बसलो होतो. मुलाच्या वडिलांनी विषय बदलला. पण अकराशे किलोमीटर जाऊन पाहिलेल्या सामन्याचा निकाल दोन दिवसांत विसरावा, आणि पन्नास वर्षांपूर्वी कोणत्या जत्रेत कोणी कोणाला कोणत्या डावावर चितपट केले हे ऐंशीच्या माणसाला मुखोद्गत असावे, यात दोष नातवाच्या स्मरणशक्तीचा नाही. लक्षात ठेवण्याजोगे तेथे काही घडलेच नव्हते.

आता या प्रथेचा उगम पाहू. निवृत्त खेळाडूसाठी सामना भरविण्याची चाल इंग्लंडात जुनी आहे, आणि तिच्या मुळाशी एक सरळ, कळकळीचा हेतू होता. १९६१ पर्यंत इंग्लंडातील व्यावसायिक फुटबॉलपटूला आठवड्याला अधिकात अधिक किती वेतन द्यावयाचे याला मर्यादा होती. ती उठविली गेली तेव्हा तो आकडा वीस पौंड होता. पायांच्या जोरावर हजारोंची गर्दी खेचणारा माणूस पस्तिशीनंतर रिकाम्या हातांनी घरी जाई. म्हणून त्याच्या गावचे लोक एक सामना ठरवीत, तिकिटांची रक्कम त्याला देत, आणि ऋणातून थोडे तरी मुक्त होत. स्टॅन्ले मॅथ्यूज वयाच्या पन्नाशीत खेळ थांबवून निवृत्त झाला तेव्हा २८ एप्रिल १९६५ रोजी त्याच्याच स्टोक गावात असा सामना झाला. पुश्काश, डी स्टेफानो, याशिन यांच्यासारखे जगातील नामवंत त्यात खेळले. त्या सामन्यालाही निकालाचे महत्त्व नव्हते हे आम्ही जाणतो. परंतु तेथे देणारा कोण आणि घेणारा कोण हे स्पष्ट होते. ज्या गावाने वर्षानुवर्षे त्याला खराखुरा झुंजताना पाहिले, त्या गावाने त्याला दिलेली ती ओवाळणी होती. क्रिकेटमध्ये आपल्याकडेही निवृत्त खेळाडूंच्या मदतीसाठी सामने होत असत, ते याच भावनेने. आज हे सगळे उलटे झाले आहे. ज्यांनी आपल्या उमेदीत कोट्यवधी मिळविले त्यांना, ज्यांनी त्यांना एकदाही खरे खेळताना पाहिले नाही ते, मधल्या दलालाची हजेरी भरून, आणखी पैसे देत आहेत. मदतीचा हेतू गेला आणि नुसते सांगाडे उरले. जेथे ती रक्कम खरोखर रुग्णांना वा अनाथ मुलांना जाते तेथची गोष्ट निराळी; तेथे आम्हीही तिकीट काढू आणि निकाल विचारणार नाही.

प्रदर्शनी सामना झाला म्हणजे तो पोकळच असतो असेही नव्हे. २४ सप्टेंबर १९७७ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डनवर पेलेचा न्यूयॉर्क कॉसमॉस संघ मोहन बागानशी खेळला. पेले तेव्हा छत्तीस वर्षांचा होता आणि पुढच्याच आठवड्यात तो खेळातून निवृत्त झाला. पावसाने मैदानाचा चिखल झाला होता. मोहन बागानच्या खेळाडूंना सहज म्हणता आले असते की, देव घरी आला आहे, त्याला वाट करून द्यावी. त्यांनी ते केले नाही. ते त्याच्या अंगावर गेले, त्याची वाट अडविली, त्याच्या संघावर गोल चढविले, आणि सामना दोन-दोन असा बरोबरीत सुटला. कलकत्त्यातील जुन्या माणसांना त्या सामन्याचा निकाल आजही विचारावा. भ्रमणध्वनी काढावा लागणार नाही. पाहुण्याचा आदर करण्याचा खेळाडूजवळ एकच मार्ग असतो, तो म्हणजे त्याच्याशी खरे लढणे. मोहन बागानने पेलेचा तो आदर केला.

येथे आमचे साहित्यप्रेमी वाचक बालगंधर्वांचे उदाहरण पुढे करतील, आणि ते करण्याजोगे आहे. उतारवयातही ते स्त्रीभूमिकेत रंगभूमीवर उभे राहत व जुने प्रेक्षक डोळे मिटून ऐकत. मग तेच प्रेम फुटबॉलपटूला का नको? उत्तर असे की, गायकाचे गाणे वयाबरोबर सारेच जात नाही. आवाज थकला तरी लय शिल्लक असते, स्वराची जाण शिल्लक असते, कधी कधी ती अधिक खोल गेलेली असते. एखादी तान ओझरती येऊन गेली तरी ती खरी तान असते. फुटबॉलपटूची विद्या मात्र फुप्फुसांत आणि पिंढऱ्यांत असते, आणि तिचे अर्धे अंग प्रतिपक्षाच्या पायांत असते. आडवा येणारा पाय खरा नसेल तर त्याला दिलेली हुलकावणीही खरी राहत नाही. एकट्याने गाणे होते. एकट्याने हुलकावणी होत नाही.

सर्वांत अधिक ऐकू येणारी सबब प्रेरणेची. "मुलांना प्रेरणा मिळते हो!" असे म्हणून आई-वडील स्वतःची हौस मुलांच्या नावावर लिहितात. आम्ही विचारतो, कशाची प्रेरणा? बारा वर्षांच्या मुलाने फिगोला ऐन भरात कधी पाहिलेले नाही. त्याच्या जन्माआधीच तो खेळ थांबवून बसला होता. त्या मुलाला मैदानावर दिसते ते एवढेच की, एक प्रौढ गृहस्थ सावकाश चालत येतो, चेंडूला पाय लावतो, आणि हजारो लोक ओरडतात. यातून मूल काय शिकेल? हेच की, मोठे व्हावे म्हणजे आपण काहीही केले तरी लोक ओरडतात. खेळातून मूल जे शिकावयास हवे, म्हणजे हरणे, पडून उठणे, आपल्याहून सरस माणसासमोर हात-पाय न गाळणे, त्याचा लवलेशही त्या संध्याकाळी मैदानावर नव्हता.

आणि फुटबॉलचा प्रेक्षक म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही असा आमचा प्रांत नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता, हे नव्या पिढीस सांगावे लागते. त्या काळात भारतातील फुटबॉलची एक राजधानी कलकत्ता होती आणि दुसरी हैदराबाद. सय्यद अब्दुल रहीम या शिक्षकाने घडविलेला हैदराबाद शहर पोलिसांचा संघ मुंबईस जाऊन १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकून आला. राज्याचे रहिवासी या नात्याने तो संघ आमचाही होता. पोलिसांविषयी विशेष ममत्व वाटावे असे ते दिवस नव्हते, ही गोष्ट वेगळी. याच रहीम यांच्या हाताखालचा भारतीय संघ १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला. तेथे मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये असा पराक्रम त्यापूर्वी कोणाही आशियाई खेळाडूने केला नव्हता. पुढे १९६२ साली जकार्ता येथे दक्षिण कोरियाला दोन विरुद्ध एक असे हरवून भारताने आशियाई सुवर्णपदक मिळविले, आणि पुढच्याच वर्षी कर्करोगाने रहीम गेले. नेव्हिल डिसोझा १९८० साली, पन्नाशीही न गाठता गेला. १८९१ पासून चालत आलेली आणि कूपरेज मैदान दणाणून सोडणारी ती रोव्हर्स स्पर्धा एकविसाव्या शतकाच्या आरंभीच बंद पडली. २०१० साली मुंबईचा महिंद्र युनायटेड हा नामांकित संघही मोडीत निघाला. या गोष्टींनी आमच्या सुशिक्षित घरांत कोणाची झोप उडाल्याचे ऐकिवात नाही. जेथे दर वर्षी खरी झुंज होत होती ती जागा ओस पडली, आणि जेथे झुंज नाही म्हणून आधीच जाहीर झाले आहे त्या जागेसाठी आम्ही रात्रीचे आरक्षण करीत आहो.

या रहीम यांच्या नावातच आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. ज्याचे पाय थकले त्याने काय करावे? तालमीला ते उत्तर शेकडो वर्षे ठाऊक आहे: त्याने वस्ताद व्हावे. आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार महाराष्ट्र केसरी झाले, देशभर गाजले, आणि कुस्ती सुटल्यावर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरांना डाव शिकविण्यात आयुष्य घातले. त्यांना कोणी पन्नाशीत लंगोट बांधून, ठरवून धरलेल्या जोडीशी, तिकीट लावून झटापट करावयास सांगितले असते तर काय उत्तर मिळाले असते याची कल्पना वाचकांनीच करावी. गावचा फड जुन्या पैलवानाला विसरत नाही. त्याला फेटा बांधतो, नारळ देतो, शेवटच्या कुस्तीची सलामी त्याच्या हातून लावतो, आणि मानाने कडेला बसवितो. मान निराळा आणि कुस्ती निराळी, एवढा विवेक त्या फडाला आहे. आम्ही पदवीधरांनी तो गमावला आहे. आम्हांस मान द्यावयाचा असतो, पण तो कुस्तीच्या रूपानेच द्यावयाचा असतो. आणि मग मानही नीट होत नाही व कुस्तीही नाही.

काही मंडळी मोकळेपणाने सांगतात की, आम्ही खेळ पाहावयास जातच नाही, आम्ही दर्शनाला जातो. हे उत्तर इतरांपेक्षा प्रामाणिक आहे. त्याचेच टोक १३ डिसेंबर २०२५ रोजी कलकत्त्यात दिसले. मेस्सी हा काही निवृत्त खेळाडू नव्हे, परंतु तेथेही त्याच्याकडून सामन्याची अपेक्षा नव्हती, केवळ दर्शनाची होती. हजारो रुपये मोजून सॉल्ट लेक क्रीडांगणात बसलेल्या लोकांना पुढाऱ्यांच्या व मानकऱ्यांच्या गराड्यामुळे तेही नीट झाले नाही. थोड्याच वेळात तो निघून गेला आणि संतापलेल्या लोकांनी खुर्च्या मोडून मैदानात फेकल्या. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या वानखेडेवर सर्व सुरळीत पार पडले, सचिन तेंडुलकरांनी आपला दहा क्रमांकाचा अंगरखा त्याला दिला, राज्य सरकारच्या फुटबॉल-योजनेतील निवडक मुलामुलींना त्याच्यासमोर चेंडू खेळावयास मिळाला. मुलांना मैदानात उतरविले एवढी गोष्ट त्यातल्या त्यात बरी. पण सामन्याऐवजी दर्शन विकावयास काढले म्हणजे त्याचा हिशेब कोणत्या टोकाला जातो ते कलकत्त्याच्या मोडक्या खुर्च्यांनी सांगितलेच. आमचे गंगाखेड जनाबाईंचे गाव. दर्शन म्हणजे काय हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. वारकरी शेकडो कोस चालत जातो आणि विटेवर उभा असलेला पाहून परततो. त्याने आपल्यासाठी धावून दाखवावे असा हट्ट तो धरीत नाही. जनाबाईंच्या जात्याशी तो दळावयास बसला असे आम्ही मानतो. पण त्या दळणाला तिकीट नव्हते, आणि ते पीठ खरे होते.

तेव्हा ज्यांना फिगोला भेटावयाचे आहे त्यांनी त्याला भेटावे, हात जोडावे, स्वाक्षरी घ्यावी, त्याचे जुने सामने घरी मुलांना दाखवावेत, आणि ते दाखविताना निकाल आधी सांगू नये. संयोजकांना निवृत्तांना आणावयाचेच असेल तर त्यांना आठ दिवस ठेवून घ्यावे, आणि कोल्हापूर, मुंबई, नागपूर, आणि धाडस असल्यास परभणी येथील पोरांना पायांची ठेवण शिकविण्यास लावावे. त्याला गर्दी होणार नाही हे आम्हांस ठाऊक आहे. गर्दी कोणाची होते यावरूनच तर हा सारा वाद आहे.

पावसाळ्याच्या तोंडाशी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडून सुब्रतो मुखर्जी चषकासाठी शाळाशाळांचे फुटबॉल सामने भरतात. १९६० पासून देशात चालत आलेल्या या स्पर्धेची पहिली पायरी जिल्ह्याची असते, आणि जी शाळा हरते ती त्याच दिवशी घरी जाते. आमच्या जिल्ह्यात अशा सामन्याच्या कडेला क्रीडाशिक्षक, राखीव खेळाडू आणि एखादा सायकल टेकवून थांबलेला वाटसरू, यांवाचून कोणी नसते. एका वर्षी आम्ही असा एक सामना पाहिला. एक मुलगा शेवटच्या मिनिटाला गोल चुकवून चिखलात तोंड लपवून बसला होता, आणि जिंकलेल्या शाळेचा गोलरक्षक त्याला उठवावयास गेला असता त्याने त्याचा हात झिडकारला. सामना एक विरुद्ध शून्य असा सुटला होता. तिकीट नव्हते, व बसावयास जागा हवी तेवढी होती.